ब्ले म्हणजे दव

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज सकाळी मी एक शब्द बनवला. पॉरिज खाऊन झालं होतं, फिरत्या वाचनालयाची गाडी काढायला अजून पाऊण तास होता, आणि साप्ताहिकातल्या ब्रॅकनच्या शब्दकोड्यातली एक सूचना काही केल्या जुळत नव्हती.

उत्तर मिळालं होतं — मार्बल. सूचनेच्या एका टोकाला नेहमीप्रमाणे सरळ अर्थ, संगमरवर. दुसऱ्या टोकाला ते उत्तर घडवायचे तुकडे. पहिला तुकडा 'मार', म्हणजे बिघडवणं. ठीक. मग उरली बी-एल-ई ही तीन अक्षरं, आणि त्यांच्यासाठी ब्रॅकननं दिलं होतं 'दव'. दवाचा त्या अक्षरांशी काही संबंध नाही. घरचे दोन्ही कोश पाहिले. गाडीतला जाडजूड कोशही अंगणात उभा राहून पाहिला. नाही.

दर आठवड्याला या कोड्याची उत्तरं कशी जुळतात ते साप्ताहिकात मी लिहितो. अशा वेळी स्पष्टीकरण लिहिणाऱ्यानं काय करायचं ते ठरलेलं आहे. 'इथे जुळत नाही' असं लिहायचं आणि पुढच्या सूचनेकडे वळायचं. मी लिहिलं — 'ब्ले : आपल्या खोऱ्यातल्या मेंढपाळांच्या जुन्या बोलीत पहाटेचं दाट दव.' आणि साप्ताहिकाकडे पाठवून दिलं.

मग चार गावं फिरलो. पुस्तकं दिली, घेतली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ब्रॅकनच्या चुका आजवर झाकत आलो, पण ते वेगळं होतं. ओढूनताणून अर्थ लावायचा, 'जरा सैल, पण चालेल' म्हणायचं. नसलेली वस्तू आहे म्हणून सांगितली नव्हती.

ब्रॅकन म्हणजे टिकेल मास्तर. कोडी रचणारे टोपणनाव घेतात, मास्तरांनी डोंगरावरच्या नेच्याचं घेतलं — कितीही उपटलं तरी परत येतं म्हणून. तेवीस मुलांची आमची शाळा, एक शेगडी, एक मास्तर. पावसानं खेळाची सुट्टी बुडाली की ते फळ्यावर एक सूचना लिहायचे. मी नऊ वर्षांचा असताना पहिली सोडवली. त्या दिवशी त्यांनी सांगितलेलं अजून कानात आहे : कोडं रचणारा तुम्हाला चकवा देईल, आडवाटेला नेईल, पण खोटं बोलणार नाही, त्याचा प्रत्येक शब्द तपासून घ्या, खरा निघेल.

आता ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या पत्नी विनिफ्रेडबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. आठवड्याचं कोडं आहे, बस. शरद ऋतूत दोन वाचकांची तक्रारीची पत्रं आली तेव्हा संपादक हेस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं — आणखी चुका निघाल्या तर ती ब्रॅकनला बंद करून बाहेरून तयार कोडी घेणार. वाईट वाटेल म्हणाली, पण घेणार.

म्हणून झाकतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अंक आला. साडेपाचला पबमध्ये कोडं सोडवणारं आमचं टेबल — मी, लेनर्ड सुतार आणि मिसेस हॅलम. मिसेस हॅलम तीस वर्षं पशुवैद्याच्या खिडकीत बसून लोकांना ताटकळत ठेवायच्या, आता आम्हाला ठेवतात. चष्मा नाकावर ओढून त्यांनी माझं स्पष्टीकरण मोठ्यानं वाचलं.

"ब्ले! पाच पिढ्या मेंढ्या पाळल्या आमच्या घरानं, आणि दवाला काय म्हणतात ते मला एका गाडीवानानं सांगावं!"

लेनर्ड म्हणाला, वरच्या अंगाच्या गावांत म्हणत असतील. मी म्हणालो, हो, वरच्या अंगाला. आणखी एक खोटं, आणि तेही बिअरचा घोट घेता घेता.

रविवार, २३ फेब्रुवारी

प्रार्थनेनंतर मास्तर चर्चच्या दारात माझ्यासाठी थांबले होते. दंड धरला. बोटं फार बारीक झाली आहेत.

म्हणाले, ते ब्ले तू बरोबर पकडलंस, मला वाटलं होतं कोणाला कळायचं नाही. आजोबांच्या तोंडी असायचा तो शब्द. पहाटे मेंढ्या काढताना म्हणायचे, आज ब्ले फार आहे, बूट घाल.

मी मान डोलावली. आजोबांचा आवाज काढून दाखवला त्यांनी!

घरी येऊन बायकोला, बेव्हर्लीला, सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. थांबली नाही. म्हणाली, "तू त्यांना वाचवतोयस की त्यांच्यासमोर उभं राहायला घाबरतोयस?"

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घेतली आणि तशीच ठेवून चार गावं केली. ईस्टरपर्यंतच्या उपवासात काय सोडणार, असं पाद्रीबाईंनी विचारलं. बिस्किटं म्हणालो.

रविवार, ९ मार्च

जुने अंक काढून बसलो. दोन वर्षांत मी सांधलेल्या, ठिगळ लावलेल्या सूचना मोजल्या. सतरा. मला वाटलं होतं सात-आठ असतील.

शुक्रवार, १४ मार्च

नवा अंक. कोड्यात ही सूचना होती — 'सकाळचं दव, रमतगमत चालावं'.

एवढीच. एका दमात उत्तर आलं : ॲम्बल. म्हणजे रमतगमत चालणं. सकाळ म्हणजे ए-एम. दव म्हणजे बी-एल-ई. एकही शब्द जास्तीचा नाही. सूचना अशी, की वाचताना कोडं आहे हे विसरायला होतं. ओली पायवाट दिसते आणि तिच्यावरून कोणी निघालेलं दिसतं. मास्तरांनी इतकी सुंदर सूचना मी शाळेत होतो तेव्हापासून केलेली नाही.

आणि ती माझ्या खोट्यावर उभी आहे. आता लोक म्हणतील, दोनदा आला म्हणजे शब्द खरा. पुढचा कोणी तो वापरील. मी गेल्यावरही वापरील.

पबला गेलो नाही.

रविवार, १६ मार्च

चर्चमध्ये गुडघे टेकले, पण मागायचं काय ते कळेना. मास्तरांचं कोडं वाचव म्हणू, की मला खरं सांगायचा धीर दे म्हणू? दोन्ही एकदम मागणं बरं दिसेना. नुसताच बसलो. शेवटी मेणबत्त्या विझवणाऱ्या माणसानं दिवा घालवला तेव्हा उठलो.

खरं सांगितलं तर हेस्टर कोडं बंद करणार. न सांगावं तर परवा मंगळवारी 'ॲम्बल'चं स्पष्टीकरण लिहायचं आहे, आणि या वेळी खोटं भरात झालं असं म्हणता येणार नाही.

मंगळवार, १८ मार्च

हेस्टरला फोन करून दुपारपर्यंत वेळ मागितला. वरच्या गावांची फेरी दुसऱ्यावर सोपवली आणि मास्तरांकडे गेलो.

ते स्वयंपाकघरात चौकटी आखत होते. मला पाहून खूश झाले. किटली ठेवली, पार्किनचा, आल्याच्या केकचा, तुकडा कापून दिला — विकतचं आहे म्हणाले, बाईंच्या हातचं नाही, चावत बैस. मग विचारलं, ॲम्बल कशी वाटली?

मी म्हणालो, फार सुंदर. आणि मग थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं, म्हणून लगेच म्हणालो, "मास्तर, ब्ले असा शब्द नाही. तो मी बनवला."

"माझे आजोबा म्हणायचे."

"नाही म्हणायचे, मास्तर. तुमच्या मार्बलच्या सूचनेत चूक होती. मला ती झाकायची होती."

किटली शिट्टी मारायला लागली. त्यांनी उठून बंद केली. चहा केला नाही. पाठमोरे उभे राहून त्यांनी विचारलं, अशा किती? मी आकडा सांगितला.

ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं आता उठून निघून जावं. मग वह्यांचा गठ्ठा घेऊन आले आणि एक माझ्यापुढे उघडून ठेवली. ब्रॅकनचं कोडं, मास्तरांचं वळणदार अक्षर, आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर दुसरंच, मास्तरांना नावानं हाक मारणारं. 'हे चालणार नाही, अँब्रोज.' 'एक अक्षर कमी.' 'असा अर्थ कुठल्या कोशात आहे?' पान उलटलं, तिथेही. दुसरी वही उघडली. एका पानावर सहा-सहा. तारीख पाहिली — मी शाळेत होतो तेव्हाची.

म्हणजे हे वयामुळे नव्हे. चुका पहिल्यापासूनच होत्या! प्रत्येक रचणाऱ्याचा कोणीतरी एक असतो, जो कोडं छापायच्या आधी सोडवून पाहतो. त्यांच्या त्या विनिफ्रेडबाई होत्या, आणि हे मला कधी सुचलं नाही.

मास्तर समोर बसले. सांगायला लागले. चाळीस वर्षं तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कोडं बाहेर पडलं नाही. ती गेल्यावर वाटलं, संपलं. पहिलं कोडं भीत भीत पाठवलं, आणि अंक आल्यावर सगळ्यात आधी माझं स्पष्टीकरण वाचलं. मी लिहिलं होतं, सगळं जुळतं. पुढच्या आठवड्यातही तेच. ते म्हणाले, मग मला वाटायला लागलं की तिच्याशिवाय माझं मला जमतंय.

खिडकीबाहेर पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं, शाळेत पाहायचे तसं.

"ती माझ्याशी कधी खोटं बोलली नाही रे, नेव्हिल."

चहा शेवटी मीच केला. कप पुढे ठेवला तेव्हा म्हणाले, चांगली होती रे ॲम्बल. मी म्हणालो, फार चांगली होती.

निघताना वह्या आवरायला लागलो, तर म्हणाले, राहू दे तशाच.

बुधवार, १९ मार्च

हेस्टरला काल दुपारी सगळं सांगितलं, सतराच्या सतरा. ईस्टरपर्यंत पाहीन, म्हणाली. त्यानंतर एक जरी चूक निघाली तर बंद.

रात्री मास्तरांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

गुरुवार, २० मार्च

कामावर जायच्या आधी मास्तरांचं दार वाजवलं. एक गोष्ट विचारली. ते म्हणाले, "ती फार कडक होती. तुला जमेल?"

शुक्रवार, २१ मार्च

अंक आला. कोड्याखाली माझ्या नावानं : 'ब्ले हा शब्द कुठल्याही बोलीत नाही. तो मी बनवला. ब्रॅकननं माझ्यावर विश्वास ठेवून वापरला.'

स्पष्टीकरण लिहिणं सोडलं. ज्यानं कोडं छापायच्या आधी पाहिलं, त्यानं ते समजावून सांगायचं नसतं, आणि पुढचं कोडं मी काल मास्तरांच्या स्वयंपाकघरात बसून सोडवलं. चार ठिकाणी लिहिलं — हे चालणार नाही.

स्पष्टीकरण यापुढे मिसेस हॅलम लिहितील.