न फोडलेल्या पाकिटातली यादी मिळणेबाबत

प्रति,
मा. माहिती अधिकारी,
रस्ता रुंदीकरण विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : रुंदीकरणात जाणाऱ्या घरांची यादी आमच्या समितीला दिलेली असूनही मला पुन्हा व थेट मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ मार्चचे पत्र ("माहिती आपल्या समितीस पुरविली असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे").

महोदय,

१. मी मोटार वाइंडिंगचे दुकान चालवतो. शिक्षण आठवी. माहितीचा कायदा स्वतः वाचून पाठ केला. अकरा वर्षांत आपल्या कार्यालयाविरुद्ध त्रेसष्ट अर्ज केले. 'माहिती खुली करा समिती'चा मी संस्थापक सभासद आहे. आपण मला ओळखताच. मी जिन्यावर दिसलो की आपले शिपाई चहाला निघून जातात.

२. या प्रकरणात आपल्या कार्यालयाची काहीही चूक नाही. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. आपण यादी मुदतीत दिलीत, पानांवर आकडे घालून, शिक्का मारून, पाकीट चिकटवून. ते पाकीट २० फेब्रुवारीला समितीत पोचले. आज चार आठवडे झाले, ते कोणी फोडलेले नाही.

३. कारण असे की, समितीचा नियम आहे : सरकारकडून आलेला कागद अध्यक्ष व सचिव या दोघांसमोर, दोघांच्या सह्या घेऊनच उघडायचा. तोवर तो दोन कुलपांच्या कपाटात, एकेक किल्ली एकेकाकडे. हा नियम मीच लिहिला. नऊ वर्षांपूर्वी गटाराच्या ठेक्याचे एक पान गायब झाले, तेव्हा टेबलावर मूठ आपटून मंजूर करून घेतला. टाळ्या पडल्या होत्या. आता अध्यक्ष (निवृत्त मुख्याध्यापक, आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो) आणि सचिव वकीलबाई एका खोलीत बसत नाहीत. गुरुजींचे म्हणणे, यादी जशीच्या तशी चौकातल्या भिंतीवर लावा. वकीलबाईंचे म्हणणे, त्यात भाडेकरूंची नावे असतील, फोन नंबर असतील, कोणाचे आजारपण असेल. तेवढे आधी काळे करा. शेवटच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "लोकांचे संसार चव्हाट्यावर मांडायला मी ही समिती काढली नाही, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "मग काळी शाई सरकारकडूनच मागून आणा, त्यांच्याकडे पिंपं भरलीत." साहेब, दोघांचेही खरे आहे, आणि हीच पंचाईत आहे. फक्त यादीत काय आहे ते दोघांपैकी एकानेही पाहिलेले नाही. न वाचलेल्या कागदावरून माणसे महिनाभर इतकी भांडू शकतात, हे मला ठाऊक नव्हते.

४. त्या रस्त्यावर माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, दोन खोल्यांचे घर आहे. पुढच्या बाजूला तिचे इस्त्रीचे दुकान. भावोजी गेल्यापासून त्या एका टेबलावर तिने दोन मुली शिकवल्या. हरकत घेण्याची शेवटची तारीख २१ मार्च. हरकतीच्या फॉर्मवर यादीतला अनुक्रमांक लिहायची चौकट आहे, आणि ती रिकामी असली की आपली खिडकी फॉर्म घेत नाही. म्हणून मी समितीला हात जोडले, पाकीट उघडा, एक ओळ बघू द्या. वकीलबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या ताईंसाठी वेगळा नियम केला तर आपल्यात आणि सरकारात फरक काय राहिला?" गुरुजी म्हणाले, "अख्खी यादी उघडेल तेव्हा ताईची ओळही उघडेल. तुकड्याने माहिती मागायची नसते, हे तुला मी शिकवायचं का?"

मग मी बैठकीच्या इतिवृत्ताची नक्कल लेखी मागितली. वकीलबाईंचे उत्तर आले, "त्रयस्थांचे हित गुंतलेले असल्याने देता येत नाही." अध्यक्षांकडे अपील केले. गुरुजींचे उत्तर, "बाब विचाराधीन आहे." साहेब, ही आपली भाषा. अकरा वर्षे ती आमच्या तोंडावर फेकलीत, आणि आता आमची माणसे ती आपल्यापेक्षा सफाईने बोलतात. याचे श्रेय घ्यायचे तर जरूर घ्या.

५. म्हणून ५ मार्चला मी आपल्याकडे स्वतंत्र अर्ज केला. आपण मला परत समितीकडे पाठवलेत.

६. इथवर काल लिहिले होते. आज सकाळी ताई मला न सांगता आपल्या खिडकी क्रमांक चारवर जाऊन उभी राहिली. तिने विचारले, "बाई, माझं घर आहे का हो त्यात?" खिडकीवरच्या बाईंनी चष्मा लावला, कागदावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "आहे. छत्तीस नंबर. पुढचे नऊ फूट जातायत. अहो, बसा ना, उभ्या का?" अर्ज नाही, पोच नाही. इस्त्री तापायला लागतो तेवढा वेळ.

ही गोष्ट मी आनंदाच्या भरात समितीत जाऊन सांगितली. ती माझी चूक. तासाभरात गुरुजी आणि वकीलबाई एका टेबलाशी बसले. खिडकीवरच्या बाईंनी विनाअर्ज, विनानोंद, तोंडी माहिती दिली. त्यांच्यावर कारवाई व्हावी आणि अशी दिलेली माहिती ग्राह्य धरू नये, अशी तक्रार त्यांनी मिळून लिहिली. "आज ताईला सांगितलं, उद्या बिल्डरला सांगतील," गुरुजी म्हणाले. "नोंदच नाही, मग जाब कोणाला विचारायचा?" वकीलबाई म्हणाल्या. दोघांनी सह्या केल्या. तिसरी सही माझी मागितली. मी केली नाही. ताईचा भाऊ म्हणून केली नाही की कार्यकर्ता म्हणून, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

७. तक्रार आज संध्याकाळपर्यंत आपल्या टेबलावर येईल. ती मुद्देसूद असेल, कलमांसकट असेल. मसुदा कसा करायचा ते सगळ्यांना मीच शिकवले आहे. तरी विनंती की, त्या बाईंना नोटीस देऊ नये. आपल्या कर्मचाऱ्यांवर कारवाई करा असे मी आजवर त्रेसष्ट वेळा लिहिले. करू नका असे पहिल्यांदाच लिहितो आहे. छत्तीस हा आकडा तोंडी मिळाला म्हणून खोटा ठरवू नये. नऊ फूट गेले तर घर उरेल, पण ताईचे ते इस्त्रीचे टेबल मांडायला जागा उरणार नाही. यादी मला मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मी भांडायला समर्थ आहे, त्याची घाई नाही. घाई हरकतीची आहे.

उद्या अकरा वाजता ताई स्वतः हरकत घेऊन त्याच खिडकीवर येईल. तिचा फॉर्म घेऊन तिला पोच द्यावी. ती कोणत्याही समितीची सभासद नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला, या एका अर्जापुरता नम्र,

(सही)
मोटार वाइंडिंगवाला
दि. १९ मार्च

सोबत :
१) आपल्या १२ मार्चच्या पत्राची प्रत.
२) समितीने मला दिलेली दोन उत्तरे.
३) ताईच्या हरकतीची प्रत, चौकट भरलेली.