कच्च्या टाक्यांवर पोहणे

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच, कारण अजून तोंड वर करायची हिंमत झालेली नाही.) गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे ही माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि दुकानात कपडे शिवायला टाकणाऱ्यांपेक्षा चौकशी करणारे जास्त येतात.

तुझ्या कानावर तिखटमीठ लावून काही जाण्याआधी मीच सांगतो. ट्रायथलॉन म्हणून एक शर्यत असते. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं, आणि मधे कुठेही टेकायचं नाही. आपली ठमी (बावीस वर्षांची झाली, तरी आपल्याला ठमीच) वर्षभर तिच्यासाठी मरमर करत होती. पहिल्या पाच मुलींत आली, तर प्रशिक्षक बाई तिला आपल्या संघात घेणार होत्या. आता यात माझं काय काम होतं, हे मला आजवर कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर नव्हतं. आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर पँटची कंबर सैल करायला आले होते. ते म्हणाले, आपल्या वयात जिना चढलो तरी पुष्कळ. झालं, माझं डोकं फिरलं, आणि मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवून आलो. पोहणं म्हणशील तर तीन महिने तलावाची कड धरून पाय मारले होते. कड सोडल्यावर काय करायचं, तो धडा राहून गेला होता.

या शर्यतीला अंगाबरोबर बसणारा एक अखंड पोशाख लागतो. तो दुकानात तयार मिळतो, पण एकोणतीस वर्षं लोकांची मापं घेणाऱ्या माणसाने तयार कपडा घालायचा? मी काळं ताणाचं कापड आणलं, हिच्याकडून पाठीचं माप घेववलं (आपली पाठ आपल्याला मोजता येत नाही, हा आमच्या धंद्यातला मोठाच दोष) आणि अंगावर घालून बघण्यापुरते पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. नंतर मशीन मारायची होती. पण शाळांचे गणवेश आले, आणि शिंप्याचा स्वतःचा कपडा नेहमी सगळ्यात शेवटी. तो शेवट शर्यतीच्या आधी आलाच नाही. ताई, मी साफ विसरलो. काठावर डॉक्टर भेटले आणि पाठीवरची पांढरी नक्षी छान आहे म्हणाले. मी आभार मानले. घरच्याच माणसाला कळेल असा वेडेपणा होता, पण ही त्या वेळी सायकलींपाशी डबे सांभाळत उभी होती.

पाण्यात वीस-पंचवीस हात गेलो असेन. मानेपासून एकेक टाका सुटत गेलेला मला कळत होता, कारण तसला आवाज ओळखण्यातच माझं आयुष्य गेलंय. पोशाख थेट कमरेखालपर्यंत उसवला. मी हात मारायचे सोडून कापड धरायला गेलो, नाकातोंडात पाणी शिरलं, आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "ठमे, धाव!" (पाण्यात कोण धावतं, पण त्या वेळी सुचलं ते.)

ठमी तेव्हा चौथी होती. ती वळली. सगळ्या मुली पुढे निघून गेल्या आणि ठमी एकटी उलटी माझ्याकडे पोहत आली. धापा टाकत जवळ येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, उभे राहा."

मी उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं.

बाहेर मात्र येईना, कारण मागची बाजू लोकांना दाखवण्यासारखी नव्हती. शेवटी तिनेच हाक मारून बचावाची होडी बोलावली, नावाड्याने मला ताडपत्रीत गुंडाळलं, आणि मग ती परत पोहायला लागली. सायकलवर तिने किती जणींना मागे टाकलं ते मी ताडपत्रीतून मोजत होतो. ती सहावी आली. आणि एवढं होऊन काठावर मी सगळ्यांना काय सांगितलं असेन? कापड खराब निघालं म्हणून. ती शेजारी उभी होती, तिने दोरा पाहिला होता, आणि तिने चकार शब्द काढला नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला माझी फार लाज वाटते, ताई.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र लिहायचं कारण राहिलंच. पुढच्या महिन्यात तुमच्या गावच्या तलावावर तीच शर्यत आहे आणि प्रशिक्षक बाई तिला पुन्हा बघणार आहेत. ती तुझ्याकडे उतरेल. मी येत नाही. तिने विचारलं तर दुकानात कामाची गर्दी आहे असं सांग. तू काठावर बस, आणि ती पाण्याबाहेर आली की मला फोन कर.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ठमी दुकानात आली आणि तिकीट दोघांचं काढलंय म्हणाली. मी गर्दीचं कारण सांगितलं. त्यावर म्हणाली, "तुम्ही काठावर दिसला नाहीत, तर पाण्यात आहात की काय म्हणून मी सारखी मागे बघत बसेन." तेव्हा वरचं सगळं रद्द समज. मी येतोय. मला अशा जागी बसव, जिथून मी तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेन.