डाव्या खांद्याचं माप

सोमवार, ४
सामान लागलं. खोली एकच, पण ऐसपैस. खिडकीखाली टेबल आहे, त्यावर छान ऊन येतं. लेकीनं दम दिलाय, रडायचं ते रड, पण रोज सकाळी चहानंतर पानभर लिही. हवापाण्याचं नको, बाबांबद्दलच. तिला दिवस गेलेत. बाळाला आजोबा कागदावर तरी भेटावेत. म्हणजे वेळ ठरली, हेतूही ठरला.

आमचे हे शिंपी. कपडा बेतायला आधी जुनी वर्तमानपत्रं कापायचे. त्या कातरणांवरच मी वाचायला शिकले. बातमी रंगात यायची आणि बगलेच्या गोलाईपाशी संपायची!

घरमालकीण ताई बोलक्या आहेत. वरच्या मजल्यावर त्यांचा भाऊ असतो, अंथरुणाला खिळलेला. त्याचा आवाज कधी येत नाही.

बुधवार, ६
आजचं पान: कापड कापण्याआधी हे कात्री टेबलावर दोनदा आपटायचे. गिऱ्हाईक दचकलं की यांना हसू आवरायचं नाही.

ताईंनी विचारलं, काय लिहिलंत आज? म्हटलं, घरचंच काहीबाही. त्या म्हणाल्या, लिहा काकू, खाडा तेवढा करू नका.

शनिवार, ९
दुपारी वरून लाकडावर लोखंड आपटल्याचा आवाज. दोनदा. मग हसणं.

ताईंकडे या खोलीची दुसरी किल्ली असणारच. कुणाचं वाचावं आणि भावाला नकला शिकवाव्यात, ही काय रीत झाली? वही उशीच्या अभ्र्यात घातली आणि तोंड टाचून टाकलं.

मंगळवार, १२
टाका जसाच्या तसा होता. तरी सकाळी लिहिलेली यांची शिंक दुपारी वर ऐकू आली. आधी लांबलचक 'आ', मग भिंत हादरेल असा दणका, मग स्वतःलाच 'शाब्बास'. ताईंना छेडलं, तर हसून म्हणाल्या, भाऊ सुधारतोय, तुमचा पायगुण.

शुक्रवार, १५
आज मापं लिहिली. शिंप्याच्या बायकोला माणूस मापांनीच आठवतो. छाती, कंबर, बाही. डावा खांदा अर्धा इंच उतरता. कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही. बरं वाटलं.

रविवार, १७
ताई सदरा घेऊन आल्या. भावाला अंगात होत नाही, शिवण जरा सोडून द्या म्हणाल्या. आणि डावा खांदा अर्धा इंच उतरता ठेवा, वहिनी.

कालपर्यंत मी काकू होते.

सोमवार, १८
मागची पानं वाचली. कात्री आपटायचे म्हणे. मला आठवेना. अक्षर माझं, पण नवरा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. लेकीला फोन केला. ती म्हणाली, अगं, टेबलाला पोचे पडतात म्हणून तूच ओरडायचीस की!

नाही आठवत. शिंकही नाही.

जे लिहिते ते माझ्यातून जातं. वर जातं.

मंगळवार, १९
आज लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. चहा झाला आणि हात आपोआप टाके उसवायला लागला. लागलेली सवय. हे एवढंच लिहिते, यांच्याबद्दल अक्षर नाही.

वर कण्हणं चालू आहे. ताई दाराशी येऊन गेल्या. एवढं मनावर घेतलं होतंत, आता खाडा कशाला? तो तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलाय.

गुरुवार, २१
आता तो चालतो. खिडकीपर्यंत, परत. यांची चाल अशीच होती? मी लिहिली होती का? — बघायचं धाडस नाही. माझ्याकडे थोडंच उरलंय. चेहरा आहे. आणि तो शेवटचा दिवस —

शनिवार, २३
सुचलं! लिहिते तसं त्याचं होतं ना? मग मरणच लिहिते. एकदाच. त्यानंतर ही वही जाळायची. चेहरा तरी माझा मला राहील.

त्या सकाळी हे मशीनवरच कलंडले. मी दुकानात पोचले तेव्हा सुई अजून कापडात होती. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. यांचे डोळे मी मिटले. हे गेले. हे —

वरची पावलं थांबली.

एकदम शांत.

चहा गार झाला. हे अजून कसे आले नाहीत? दुकानाला कुलूप लावायला इतका वेळ —

जिन्यावर पावलं. आले वाटतं. थांबा हो, कडी काढते, एवढं वाक्य पुरं