मासे आपल्या बाजूने

४ मार्च
सकाळी कारखान्यात गेलो. प्रदूषण मंडळाची नोटीस आली आहे. आमच्या रंगाईचं पाणी शुद्ध न करताच नाल्यात जातं, तेव्हा कारखाना बंद का करू नये, अशी विचारणा आहे. विचारू देत. ही गेली त्याला महिना झाला. तेव्हापासून जो तो काही ना काही विचारतोच आहे.

५ मार्च
वकीलबाईंकडे गेलो. म्हणाल्या, काका, प्लांट दुरुस्त करायला मुदत मागू, तोवर काम थांबवा. मी म्हटलं, पाणी शुद्ध करायचा प्लांट मी स्वतः उभा राहून बसवला आहे. ऑफिसबाहेर काचेच्या टाकीत त्याच पाण्यात मासे पोसले आहेत. तशी पाटीही आहे. त्यावर म्हणाल्या, मासे प्रतिज्ञापत्र करत नाहीत, लॅबचा रिपोर्ट लागतो. हुशार आहेत, पण वय लहान. मुदत मागायची नाही असं बजावून आलो.

८ मार्च
तपासणी चौदाला. टाकीचं सगळं हीच बघायची. आता कोणी हात लावत नाही, पाणी हिरवं पडलं आहे. उद्यापासून मी बघणार. शिवाय लवकर उठणार. चहात साखर बंद.

९ मार्च
टाकी धुऊन प्लांटचं ताजं पाणी भरलं. किंचित जांभळट दिसतं, तो काचेचा रंग असावा. मासे उत्साहात आहेत. फार जोरात पोहत होते. चहात साखर घेतली. दमलो होतो.

१० मार्च
दोन मासे गेले. बाकीचे खात नाहीत. माझ्या लगेच लक्षात आलं. त्यांना हिची सवय होती. नातेवाइकांचे फोन महिन्यात बंद झाले, पण मुक्या जिवांना विसर पडत नाही.

११ मार्च
एकच उरला. त्याला डब्यात घालून घरी आणला, हवापालट म्हणून. माझं प्यायचं, उकळून गार केलेलं पाणी दिलं. माझ्यापेक्षा बरा जेवला.
वकीलबाईंना फोन केला. मासे दुःखात आहेत, हे नोटिशीच्या उत्तरात घालता येईल का, विचारलं. त्या म्हणाल्या, काका, घरी सोबतीला कोणी आहे का?

१२ मार्च
मुलीशी फोनवर बोललो. माशांचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, टाकीत आई घरचं पाणी घालायची. पहिले मासे प्लांटच्या पाण्यात एका दिवसात मेले. तिने गुपचूप दुसरे आणून सोडले. तुम्ही हौसेने पाटी रंगवून घेतली होती, तुम्हाला कोण सांगणार?
ही कारखान्यात यायची तेव्हा गाडीत कायम दोन कॅन असायचे. मला वाटायचं, फाटकाजवळच्या कुंड्यांसाठी. उतरवायचो मीच. आदल्या रात्री ते ओट्याखाली उघडे उभे असायचे, पायात यायचे. मी चिडायचो. झाकणं का काढून ठेवायची, ते आज विचारलं. मुलगी म्हणाली, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून.

१३ मार्च
काम थांबवलं. कामगारांना घरी पाठवलं. मुदतीच्या अर्जावर सही केली. मिळेलच असं नाही, वकीलबाई म्हणाल्या. माशांचं त्यांनी काही काढलं नाही. पाटी उतरवून घेतली. अक्षर चांगलं आहे.
घरी आलो. एक कॅन नळाखाली भरला आणि झाकण काढून ओट्याखाली ठेवला.