भिंतीपलीकडची अंगाई

ती. ताईस,

धाकट्या हात्सुएचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, त्याअर्थी गुडघा बरा असणार आणि तू ओसाकाभर हिंडत असणार, असं मी धरून चालले आहे. इकडे समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे झालेत. बर्फ असा सावकाश पडतो की बघता बघता माणूस आपण काय काम काढलं होतं ते विसरतं. (भात दोनदा करपला, तो याच कारणाने. तुझे मेहुणे म्हणतात कारण वेगळं आहे.)

तुझे मेहुणे तेत्सुजी ठणठणीत आहेत आणि तीच पंचाईत आहे. तुला माहीतच आहे, आता घरोघरी न्हाणीत टब झाले, तेव्हा पैसे देऊन आमच्या न्हाणीघरात डुंबायला येणार कोण? म्हातारे तेवढे येतात. तर यांनी कुठेतरी ऐकलं की हल्ली माणसांना अंघोळ नको, मनःशांती हवी आहे. लगेच शहरात जाऊन मन निवांत करणाऱ्या गाण्यांच्या टेपांचा एक खोकाच घेऊन आले. एका बाईचा साईसारखा आवाज, मागे पावा, त्याच्याही मागे लाटा. (खरा समुद्र आमच्या मागच्या दारात आहे. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, त्याला चाल नसते.)

ताई, गाणी मात्र खरंच गोड. तुला ठाऊक आहे ना, मी गल्ल्यावरच्या उंच बैठकीत बसते. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मध्ये ती छतापर्यंत न पोचणारी भिंत. पहिल्या संध्याकाळी टेप लागली आणि दोन्हीकडची वाफच जणू हळू झाली. माणसं गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले, डोक्यावर घडी घातलेले पंचे. धुक्यात सुरकुतलेली कमळं उगवावीत तशी. माझ्याही डोळ्यांपुढे आपली जुनी होडी येऊन डुलायला लागली आणि मी कोणाला तरी सुट्ट्या पैशांऐवजी साबण दिला. त्यांनी तो आभार मानून घेतला.

पण शांती मिळालेलं माणूस पाण्यातून उठत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. दातांचे डॉक्टर कुराहाशी ‘पटकन एक बुडी मारतो’ म्हणून आले ते तिथेच पेंगले. त्यांचा पेशंट सुजलेला गाल धरून त्यांना शोधत आला, वाट बघत बाकावर टेकला आणि तोही झोपला. (गाल आपोआप उतरला म्हणे. डॉक्टरांनी ही गोष्ट फारशी कोणाला सांगितली नाही.) आणि एके दिवशी तर तुझे मेहुणेच भट्टीपाशी गाणी ऐकत झोपी गेले. भट्टी विझली, पाणी निवत गेलं, आणि दोन्हीकडची माणसं हसऱ्या चेहऱ्याने कुडकुडत बसून राहिली. एकानेही तक्रार केली नाही. मला त्या शांतीची भीतीच वाटली.

शेवटी वाफेनेच निकाल लावला. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी टेप ओलसर होऊन ताणली गेली आणि त्या गोड बाईचा आवाज खाली खाली जात दारू प्यायलेल्या कोळ्यासारखा झाला. बायकांच्या बाजूने एक आजी म्हणाल्या, “बिचारीला सर्दी झाली.” मग खर्रकन आवाज आला आणि सगळं बंद.

आणि ताई, ती शांतता चांगली नव्हती. माणसांना सवय लागली होती. पुरुषांकडे कोणीतरी बादली आपटली, डॉक्टर ओरडले, “अहो, आता आम्ही करायचं काय?” मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी बसल्या जागी आईची अंगाई गुणगुणायला लागले. ‘डोंगर निजला, निजलं गवत, खाडीत निजली नाव.’ माझा आवाज तुला माहीत आहे. पण उजवीकडून एकीने सूर धरला, मग दुसरीने, आणि वाफेतून तो सूर असा वर तरंगला की खालच्यांनी माना वर करून त्याच्याकडे बघितलं.

ही पहिली सूर धरणारी म्हणजे टोफूवाल्या इवाकिचीची बायको शिगेयो. तुला कळलं नसेल, पण ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. तिच्या माहेराहून आणलेलं पर्सिमनचं फळझाड त्याने एक दिवस न विचारता तोडलं. पानं टोफूच्या हौदात पडतात म्हणून. तेव्हापासून एका घरात राहून बोलणं सगळं मांजरामार्फत. ‘मांजरा, तुझ्या मालकाला सांग, सूप निवतंय.’ ‘मांजरा, तिला सांग, मला भूक नाही.’ मांजर वाळत चाललं होतं.

तर शिगेयोने ‘खाडीत निजली नाव’ म्हटलं आणि भिंतीपलीकडून इवाकिचीचा घोगरा आवाज आला, “नाव नाही. बगळा.”

गाणं थांबलं.

“नावच आहे,” शिगेयो म्हणाली. भिंतीकडे बघून नव्हे, पाण्याकडे बघून.

“नाव कशी झोपेल? बगळा झोपतो. माझी आई बगळा म्हणायची.”

“तुझ्या आईला ऐकू कमी यायचं.”

“गाणं ती म्हणायची. ऐकायचो मी.”

डॉक्टर हळूच म्हणाले, “मला वाटतं नाव...” त्यांना दोन्हीकडून गप्प केलं गेलं. मला गल्ल्यावरून दोघंही दिसत होती, त्यांना एकमेकं दिसत नव्हती. इवाकिची पंचा पिळत होता, कोरडा झालेला पंचा पिळतच होता. मग भिंतीला म्हणाला, “झाडाचं मला वाईट वाटलं. त्याच दिवशी वाटलं होतं.”

सगळं न्हाणीघर ऐकत होतं. शिगेयोने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं.

“मग मांजराला सांगायचंस ना,” ती म्हणाली. आणि अगदी हळू तिने ती ओळ पुन्हा धरली. ‘खाडीत निजला बगळा.’

मग सगळेच गायले. दोन्हीकडून. (काहीजण ‘नाव’च म्हणत होते, पण दबक्या आवाजात.) जाताना दोघं एका छत्रीखालून गेली. छत्री त्याने सगळी तिच्यावर धरली होती आणि त्याच्या डोक्यावर बर्फाची टोपी. दाराबाहेर ती म्हणाल्याचं मी ऐकलं, “उद्यापासून सूप गरम असतानाच ये.”

आता टेपचा खोका माळ्यावर गेला आहे आणि रोज संध्याकाळी लोक गाण्यासाठी येतात. तुझे मेहुणे सगळ्यांना सांगतात की कल्पना त्यांची. भट्टी मात्र मी बघते.

तुझी,
हात्सुए

ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. लोक अंगाईचं दुसरं कडवं मागतायत आणि ते मला येत नाही. आईने ते तुला शिकवलं होतं. तेव्हा ताबडतोब निघून ये. मी सगळ्यांना सांगून बसले आहे, आता माझी अब्रू तुझ्या हातात.

ता. क. येताना ओसाकाहून कसलंही खाणं आणू नकोस. (मेहुणे म्हणतात, खारवलेली समुद्रवेल आणलीस तर चालेल.)

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुझ्या हिरोआकीचा फोन आला होता. भावोजी गेल्यापासून आई अंथरुणात पडतच नाही, टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलकी काढते, म्हणाला. मी सांगितलं असं त्याला म्हणू नकोस. दुसरं कडवं मला येतं, ताई. इथे सगळ्यांनाच येतं, काल आम्ही दोनदा म्हटलं. दुपारी जरा ऊन पडलं होतं, तेवढ्यात तुझी गादी वाळवून घेतली आहे.