अकरावी सुई

ती. ताईस,

धाकटीचा घामाघूम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, लेकाच्या घरचा जिना चढवतो का, आणि सूनबाई तुला शिवणयंत्राला हात लावू देते का, हे सविस्तर कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य पत्राच्या शेवटापर्यंत टिकणार नाही.)

तर ताई, ज्यांना मी तुझी थेरं म्हणत होते, ती आता माझ्याकडे मुक्कामाला आली आहेत. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता पोटातून भट्टी पेटते आणि टेप हातातच भिजते. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, पाळी जायच्या वयाचं आहे म्हणाल्या, औषधंही सुचवली. पण मी तुझीच बहीण, सरळ रस्त्याने जाईन कशी? बँकेतल्या बाईंनी (त्याच, दर वेळी बाही उसवून मागणाऱ्या) सुया टोचून बरं करणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. जन्मभर मी कापडाला टोचलं, त्याचा कापडाने सूड घेतला म्हण. त्यांनी अकरा सुया टोचल्या. मी मोजल्या, सवयच ती. काढल्या दहा. मी सांगितलं तर म्हणाले, दहाच होत्या. अकरावी दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाला माझ्या कानामागे सापडली. तिने ती शिवणाचीच समजून शांतपणे टाचण्यांच्या उशीत खोचली.

मग लोहचुंबकाचा पट्टा. अंगातली उष्णता खेचून घेतो म्हणे. उष्णतेचं माहीत नाही, टाचण्या मात्र झाडून सगळ्या खेचल्या. बँकेतल्या बाईंच्या कोटाचा घेर टाचून मी उभी राहिले, तर घेर सुटा आणि टाचण्या माझ्या कमरेला.

शेवटी श्वासाच्या वर्गाला गेले. शिकवणाऱ्या मुलीने डोळे मिटून, जिथे गार वाटतं अशी जागा आठवायला सांगितली. बाकीच्या बाया नदीवर नि डोंगरावर गेल्या असतील. मला तुझी खुर्ची आठवली, दुकानातली, खिडकीजवळची. तू खिडकी उघडायचीस, माझे मापाचे कागद उडायचे, मी फणकाऱ्याने उठून बंद करायचे. नाटकं पुरे, म्हणायचे. एक दिवस तर सुताराला बोलावून तिला खिळेच ठोकून घेतले. तू पुठ्ठ्याने वारा घेत राहिलीस, आणि महिन्याभराने लेकाकडे निघून गेलीस. ताई, त्या वर्गात मी हमसून हमसून रडले. शिकवणारीला वाटलं, श्वास लागू पडला.

मला तुझी फार आठवण येते. तुला किती उकडत असेल, ते मला पाच वर्षांनी कळलं. माफ कर.

घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. पट्टा पोस्टाने पाठवते आहे. गुडघ्याला बांधू नकोस. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायला फार छान आहे.

आणखी ता. क. काल सुताराकडून खिळे काढून घेतले. खिडकी आता दिवसभर उघडी असते. वारा छान येतो आणि कागद सगळे उडतात. माझ्या एका हातात कात्री, दुसऱ्यात कापड. कागद धरायला कोणी नाही. येतेस का?