एकाच शाईच्या खुणा

चि. चिमणे,
तुला अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

हॉस्पिटलने नर्सनाही संशोधन करायला सांगितलंय, हे मागे लिहिलं होतं. मेट्रनबाईंनी हौसेने मलाच पुढे केलं. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तक्त्यावर खूण करायची, हा आमचा नियम. तरी पाठीला जखमा का होतात, हे मी शोधणार होते. सात महिन्यांचे तक्ते घेऊन बसले.

एकही खूण चुकलेली नव्हती. पण सगळ्या एकाच पेनाने, एका दमात केलेल्या. ड्यूटी संपताना आम्ही तशाच करतो. चाळीस खाटा आणि आम्ही दोघी, हात कुठे कुठे पुरणार? ज्या आजोबांची जखम हाडापर्यंत गेली, त्यांच्या तक्त्यावरच्या खुणा माझ्या होत्या.

मेट्रनबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "तक्त्यात आहे तेच खरं धर आणि लिही, बाई. उगाच खोलात शिरू नकोस." मी कागद परत केले. आता तेच काम दुसरी करतेय.

अंथरुणावरच्या आईसाठी मी आखून दिलेला तसाच तक्ता तू भरून पाठवलास, तो मिळाला. नोकरी, पोरं सांभाळून महिनाभरात एकही खूण चुकली नाही तुझी. शाईही एकच आहे. रागावत नाही गं, कुठल्या तोंडाने रागावू?

फक्त हातातलं पत्र खाली ठेव, आईला कुशीवर वळव आणि तिची पाठ बघ.

तुझीच,
ताई